भाकड गाईंचे दान

गेल्या चातुर्मासात बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातून आमच्याकडे टपालाने एक वही आली. वही साधी, शाळेत वापरतात तशी, दोनशे पानी. कडा दुमडलेल्या, पुठ्ठ्याला वर्तमानपत्राचे वेष्टन. पाठविणारी मुलगी दहावीत शिकते. सातवीपर्यंत ती मराठी शाळेत होती, पुढे कन्नड माध्यमात गेली. दोन वर्षांत वाचलेल्या 41 कादंबऱ्यांवर तिने या वहीत आपले अभिप्राय लिहून काढले आहेत. बहुतेक पुस्तके कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, किंवा त्या वयाविषयी लिहिलेली. काही तिच्या वडिलांनी उदगीरच्या साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनातून आणली, काही लातूरच्या मामेभावाकडून आली, काही कोणाकोणाकडून मागून घेतली. वहीच्या शेवटल्या पानावर तिने लिहिले आहे की, ही वही आमच्या देवळाच्या वाचनालयात ठेवू दिली नाही म्हणून तुमच्याकडे पाठवते. छापली नाही तरी चालेल, पण वाचा.

आम्ही वाचली, एका बैठकीत वाचली. आणि वाचून झाल्यावर जे वाटले ते आमच्या वाचकांपुढे, विशेषतः देवस्थानांच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो त्या वाचकांपुढे, स्पष्टपणे मांडणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते. मुलीचे नाव आम्ही देत नाही, तिच्या गावाचे देत नाही, त्या देवस्थानाचेही देत नाही. कारण हा खटला एका देवस्थानावर नाही. ज्याच्या वाचनालयाच्या कपाटाला कुलूप आहे आणि ज्याच्या कारभाऱ्यांच्या तोंडी ‘हल्लीची मुले वाचीत नाहीत’ हे वाक्य आहे, अशा प्रत्येक देवस्थानावर तो आहे.

मुलीने दिलेल्या हकिकतीप्रमाणे वही परत करताना तिला तीन कारणे सांगण्यात आली. पहिले, देवळाच्या वाचनालयात संस्कार देणारी पुस्तकेच असावीत, कादंबऱ्यांची चर्चा तेथे नको. दुसरे, थोरांच्या लेखनाविषयी लहानांनी बरेवाईट लिहिणे हा उर्मटपणा आहे. तिसरे, दहावीचे वर्ष अभ्यासाचे असते. कारणे सांगणारे गृहस्थ वृद्ध व सज्जन आहेत, असे ती मुलगीच लिहिते. तेव्हा त्यांच्या हेतूविषयी आम्हांला काही म्हणावयाचे नाही. परंतु सज्जनांनी सद्हेतूने केलेली चूक ही चूकच असते, आणि ती अधिक काळ टिकते, कारण तिला कोणी चूक म्हणत नाही.

प्रथम संस्कारांचा मुद्दा घेऊ. कुमारवयातील कथा म्हटली की त्यात घरच्यांशी मतभेद येतो, मित्रांची ओढ येते, पहिले प्रेम येते, घर सोडून जाण्याची कल्पना येते. म्हणून ती वाईट, असा हा समज. आम्ही विचारतो, ज्या सभामंडपात बसून हा निर्णय दिला गेला, त्या मंडपात चातुर्मासात काय वाचले जाते? सावत्र आईच्या एका शब्दाने दुखावून पाच वर्षांचा ध्रुव घर सोडून अरण्यात जातो. प्रल्हाद बापाची आज्ञा एकदा नव्हे, पुनःपुन्हा मोडतो. भावाने ठरविलेले लग्न नको म्हणून रुक्मिणी परपुरुषाला गुप्तपणे पत्र धाडते आणि त्याच्या रथात बसून निघून जाते. नारदांनी वराचे अल्पायुष्य सांगितले तरी सावित्री आपली निवड बदलीत नाही. ही सारी आख्याने आम्ही मुलांना मांडीवर घेऊन ऐकविली. त्यांनी आमची मुले बिघडली नाहीत, उलट त्यांनीच ती घडविली. कारण प्रत्येक पिढीतील मुलाला एके दिवशी घरच्यांहून वेगळे मन असल्याचा शोध लागतो, आणि त्या शोधाने तो घाबरून जातो. आपल्याआधी कोणी या वाटेने गेले होते हे त्याला कथेने सांगावे लागते. हे काम पुराणाने केले. आज तेच काम कुमार-कादंबरी करते. पोशाख बदलला म्हणून नाते तुटत नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ती कथा. या कादंबरीत मुलामुलींचे चोरून पाहणे आहे, म्हणून ती घरात नको म्हणणारी मंडळी आम्हांला ठाऊक आहेत. आमच्या या परीक्षक मुलीने काय लिहिले आहे? ती लिहिते की, शेवट वाचून रात्रभर राग आला, पण सकाळी वाटले की लेखकाने खोटे गोड केले असते तर त्याहून जास्त राग आला असता. वाचकहो, खोट्या गोडव्याविषयीचा हा तिटकारा पंधराव्या वर्षी ज्या मुलीच्या मनात उत्पन्न झाला, तिच्यावर आणखी कोणता संस्कार आपण करणार आहोत?

आता दुसरे कारण, आणि खरा वाद येथेच आहे. वही नाकारली गेली ती मुख्यतः एका वाक्यामुळे. ‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी तिने लिहिले आहे की, पुस्तक चांगले आहे पण श्याम फार रडतो. साने गुरुजींचे हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिले गेले, 1935 साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या घरोघरी देव्हाऱ्याच्या शेजारी त्याला जागा मिळाली. तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांना धक्का बसला हे आम्ही समजू शकतो. परंतु त्यांनी वाचन तेथेच थांबविले, हे आम्ही समजू शकत नाही. कारण त्याच पानावर खाली मुलगी लिहिते की, पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारते, तेथे मला आईचा राग आला. मग पुस्तक बंद करून मी स्वयंपाकघरात जाऊन आमच्या आईजवळ नुसती बसले, तिने विचारले काय झाले, मी काही नाही म्हटले. आम्ही या पुस्तकावरील विद्वानांचे पुष्कळ लेख वाचले आहेत. गुरुजींनी बेचाळीस रात्रींच्या कथनातून जे साधू पाहिले, ते या चार ओळींत जितके पोचलेले दिसते तितके त्या लेखांत क्वचितच दिसले. ज्या वाचकाला ‘श्याम फार रडतो’ असे म्हणण्याची मोकळीक आहे, तोच पुढे जाऊन आईजवळ बसतो. ज्याला केवळ नमस्कार करण्याची परवानगी आहे, तो नमस्कार करतो आणि पुस्तक मिटून ठेवतो.

लहानांनी मोठ्यांच्या वाणीविषयी बोलू नये, हा नियम आपल्या परंपरेने केव्हा केला? आम्हांला तर परंपरेत उलटेच दिसते. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाली. ज्ञानदेवांचा जन्म परंपरेने शके 1197 चा मानतात. त्या हिशेबाने साक्षात भगवंतांच्या वाणीवर भाष्य करणारा हा भाष्यकार पंधरा वर्षांचा होता. आमच्या मुलीच्याच वयाचा! चौदाशे वर्षे तप केलेल्या चांगदेवांनी कोरे पत्र धाडले, तेव्हा इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला असे म्हणणारी मुक्ताबाई त्याहून लहान होती. कोऱ्या कागदावरचा असा अभिप्राय त्यानंतर मराठीत कोणी दिलेला नाही. आणि चांगदेवांनी काय केले? मुलगी उर्मट आहे म्हणून पत्र परत मागितले नाही. तिला गुरू केले. ज्या समाजाच्या भाषेचा पाया अशा मुलांनी घातला, त्या समाजातील वडीलधाऱ्यांनी आज पंधरा वर्षांच्या मुलीला ‘तुला काय कळते’ म्हणावे, यात परंपरेचा अभिमान नाही; परंपरेचे विस्मरण आहे.

याहून जुना दाखला कठोपनिषदाचा. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दक्षिणा म्हणून गाई देऊ लागला. त्या गाई म्हाताऱ्या होत्या, त्यांचे दूध आटले होते, वासरू देण्याचे वय उलटून गेले होते. यज्ञाला जमलेल्या एकाही शहाण्याने तोंड उघडले नाही. नचिकेता नावाचा कुमार तेवढा अस्वस्थ झाला आणि मला कोणाला देणार, असे बापाला त्रिवार विचारू लागला. दान निकृष्ट आहे हे ओळखणारा आणि बोलणारा तो एकटाच, आणि तोच श्रद्धेने भरलेला होता असे उपनिषद सांगते. परीक्षा आणि श्रद्धा यांचे वैर नाही, हे आपल्या ऋषींनी एका मुलाच्या मुखातून सांगून ठेवले आहे.

आम्ही आमच्या मुलांना कोणत्या गाई देतो? वार्षिक उत्सवात दहावीत गुण मिळविलेल्या मुलांचा सत्कार होतो, शाल पांघरली जाते, हाती पुस्तक दिले जाते. ते पुस्तक कसे निवडतात? बहुतेक ठिकाणी निवडीतच नाहीत. कोणा देणगीदाराने काढलेल्या स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती, पुस्तकविक्रेत्याकडे पडून राहिलेले सुविचारसंग्रह, यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारे पातळ अनुवाद. देणाऱ्याने वाचले नाही, घेणारा वाचणार नाही, अशी ही ग्रंथसंपदा. दूध आटलेल्या गाई दान करावयाच्या आणि पुण्य पदरी पडले म्हणावयाचे! आणि मग एखादी मुलगी उठून ‘हे पुस्तक मला कंटाळवाणे वाटले, ते मला आवडले’ असे म्हणू लागली की आपल्याला राग येतो. वाजश्रवसालाही आला होता.

वास्तविक धष्टपुष्ट गाई आपल्या गोठ्यात आहेत. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. त्याच्याविषयी आमची परीक्षक विचारते की, दर वेळी संकट या फुरसुंगीच्या पोरालाच कसे सापडते, आणि या धाडसांत मुली इतक्या थोड्या का? प्रश्न रास्त आहे, उत्तर देण्यास भागवत आज हवे होते. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे. भारत सासणे 2022 साली उदगीरच्या पंचाण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या मुलांच्या कादंबरीला साहित्य अकादमीने 2024 चा बालसाहित्य पुरस्कार दिला. संमेलनाध्यक्षाला जे लिहिताना कमीपणा वाटला नाही, ते वाचनालयात ठेवताना विश्वस्तांना कमीपणा का वाटावा?

हे सारे बीदर-कलबुर्गीच्या संदर्भात अधिक जिव्हारी लागते. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, झहीराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. त्यानंतरच्या पिढ्यांत मराठीचा प्रश्न म्हणजे पाट्यांचा, ठरावांचा आणि मोर्चांचा प्रश्न, अशी आपली समजूत होऊन बसली. त्या प्रश्नांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु पाटी वाचून कोणी भाषेवर प्रेम करीत नाही. घरी मराठी बोलणारा, शाळेत कन्नड वा इंग्रजी शिकणारा मुलगा बारा ते अठरा या वर्षांत मराठीत स्वखुशीने काही वाचतो की नाही, एवढ्यावरच त्याच्या पोटी पुढे मराठी राहील की नाही हे ठरणार आहे. लहानपणीच्या गोष्टी आजी सांगते, म्हातारपणीच्या पोथ्या आपोआप हाती येतात. मधली सहा वर्षे उजाड आहेत. भाषा गळते ती येथून गळते.

कोणी म्हणेल, मुलीची मराठी तरी शुद्ध आहे का? नाही. ‘पुस्तक वाचून टाकले’ असे न लिहिता ती ‘वाचून सोडले’ असे लिहिते. त्यात कन्नडचे वळण आहे. आम्ही ते दुरुस्त केले नाही, करणारही नाही. गाणगापूर याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तेथील नृसिंह सरस्वतींचे चरित्र ज्या सरस्वती गंगाधराने मराठीत ओवीबद्ध केले, त्याची घरची भाषा कन्नड होती. आणि तो गुरुचरित्राचा ग्रंथ सारा नामधारकाच्या प्रश्नांवर उभा आहे. नामधारक विचारीत नसता तर सिद्धाने सांगितले काय असते? हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. या भूमीतील मराठी नेहमी शेजारणीच्या ओट्यावर बसूनच बोलत आली आहे. प्रकाश नारायण संत यांनी ‘वनवास’मध्ये लंपन नावाच्या मुलाच्या तोंडी बेळगावकडची अशीच कानडी हेलाची मराठी घातली आणि पुण्यामुंबईच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. आमची मुलगी या पुस्तकावर एवढेच लिहिते की, हा मुलगा आमच्यासारखा बोलतो, मला वाटले होते पुस्तकात तसे बोलत नाहीत. आपली बोली छापलेली पाहून एखाद्या मुलीला प्रथमच ताठ बसावेसे वाटले, याचे मोल कोणत्या ठरावाने होणार?

आमच्या कोंकणी वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाच लिप्यांत विखुरलेल्या भाषेला छापील पानावर स्वतःला पाहण्याची भूक काय असते, ते त्यांना ठाऊक आहे. आणि कुमारवाचकांची सेवा करताना भाषांच्या भिंती आड येत नाहीत, हेही त्यांच्याच घरचे उदाहरण सांगते. बंटवाळात जन्मलेले पंजे मंगेशराव हे आपले सारस्वत, घरी कोंकणी बोलणारे. त्यांनी कन्नड मुलांसाठी गाणी व गोष्टी लिहिल्या आणि ते कन्नड बालसाहित्याच्या आद्यांपैकी एक ठरले. शिवराम कारंतांसारख्या थोर कादंबरीकाराने मुलांसाठी ‘बालप्रपंच’ हा ज्ञानकोश सिद्ध केला. तेव्हा आमची मुले कन्नडही वाचोत, कोंकणीही वाचोत. वाचणारा मुलगा एका भाषेचा शत्रू होऊन दुसरीचा मित्र होत नाही. मात्र मराठीचे कपाट बंद ठेवून तो मराठीचा मित्र होईल, अशी आशा कोणी करू नये.

तिसऱ्या कारणाला, म्हणजे दहावीच्या अभ्यासाला, फार उत्तर नको. पुस्तक वाचून त्याविषयी काय वाटले, का वाटले, ते स्वतःच्या शब्दांत सकारण लिहिणे याला अभ्यास नाही म्हणावयाचे तर अभ्यास म्हणावयाचे कशाला? अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीला आपल्या वयाच्या मुलांचे खरे जगणे कोणत्याच पुस्तकात सापडेना, म्हणून तिने शाळेत असतानाच स्वतः कादंबरी लिहावयास घेतली. ‘द आउटसायडर्स’ ही ती कादंबरी 1967 साली छापली गेली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आजची असंतुष्ट वाचक ही उद्याची लेखिका असते. तिला गप्प बसविणारे आपण एका वहीला गप्प बसवीत नसतो.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांला आवडत नाही. म्हणून आमच्या मागण्या मांडतो. प्रत्येक देवस्थानाने वाचनालयाच्या कपाटाचे कुलूप काढावे आणि किल्ली बारा ते अठरा वयाच्या एखाद्या मुलाकडे वा मुलीकडे सोपवावी. उत्सवाच्या मंडपावर आणि विद्युत-रोषणाईवर जो खर्च होतो, त्यातील एका रात्रीचा खर्च पुस्तकांना द्यावा. आणि ती पुस्तके विश्वस्तांनी नव्हे, मुलांनी निवडावी. कपाटाशेजारी एक अभिप्रायवही दोरीने बांधून ठेवावी. तीत कोणीही, कोणत्याही पुस्तकाविषयी, सकारण काहीही लिहावे. अट एकच, पुस्तक वाचलेले असावे. ही अट थोरांनाही लागू राहील. कर्नाटकातील ग्रामीण वाचनालये 2019 पासून पंचायत राज खात्याकडे आली आहेत, आणि ‘ओदुव बेळकु’ या 2020 च्या मोहिमेत खेड्यांतील मुलांना त्यांचे सभासद करून घेण्यात आले. औराद, भालकी, बसवकल्याणच्या पालकांनी आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन तेथे मराठी पुस्तकांचे एक फडताळ मागावे. मागितल्यावाचून नाही मिळाले म्हणणे, हा आपला जुना छंद आता पुरे.

आणि आमच्यापुरते म्हणाल तर, पुढील अंकापासून या मासिकाची दोन पाने कुमार परीक्षकांसाठी राखून ठेवली आहेत. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तेवढे पाहू. मत बदलणार नाही. पहिला मान अर्थातच या वहीचा. त्यात ‘श्याम फार रडतो’ हे वाक्य असेल, आणि त्याखालच्या चार ओळीही असतील.

ज्या वृद्ध गृहस्थांनी ही वही परत केली, त्यांना आम्ही तो अंक पाठविणार आहोत. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. राग आला तर तोही लिहून कळवावा, आम्ही छापू. नचिकेत्याच्या बापाने रागाच्या भरात मुलाला मृत्यूच्या स्वाधीन केले, पण परत आलेल्या मुलाला त्याने दारात अडविले नाही, हेही त्याच उपनिषदात आहे.